श्रद्धेला मार्क? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. धर्माचा तास म्हणजे पोपटपंची, पोरांच्या डोक्यात श्रद्धा कोंबायची, वर परीक्षा घेऊन तिला मार्क द्यायचे, आणि शाहू महाराजांच्या कोल्हापुरात बसून मी ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या ख्रिस्ती पंथाच्या, शाळांचं कौतुक करते, असं तुमचं म्हणणं.

पोपटपंचीबद्दल तुम्ही हात आखडताच घेतलात. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५२९ साली छोटा कॅटेकिझम, म्हणजे प्रश्नोत्तरांतून धर्म शिकवणारं पुस्तक, लिहिला. जे शिकायला तयार नाहीत त्यांना आईबापांनी खायला-प्यायला देऊ नये, असं त्याच्या प्रस्तावनेत आहे! तमिळनाडूतल्या ल्यूथरन शाळेत मी हे वाचून दाखवायचे तेव्हा पोरं हसायची. मला हसू यायचं नाही.

पण त्याच पुस्तकात बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी प्रत्येकीमागे एक प्रश्न येतो: याचा अर्थ काय? माझा तास त्या प्रश्नावर चालायचा. मी कोल्हापूरची, अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेबांनी १८५२ मध्ये इथं सुरू केलेल्या आणि पुढं प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडं गेलेल्या मिशनच्या वळणाची. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आमची नववी आज्ञा. ल्यूथरन मोजणीत ती आठवी. पहिल्याच आठवड्यात पोरांनी मला पकडलं. ल्यूथर तिचा अर्थ सांगतो की, खोटं न बोलणं पुरेसं नाही, शेजाऱ्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा. (तुमची प्रतिक्रिया वाचताना हे आठवायला मला जरा वेळ लागला.)

आता मार्कांचं. माणूस स्वतःच्या बुद्धीने वा बळाने विश्वास ठेवू शकत नाही, तो पवित्र आत्माच देतो, असं तेच पुस्तक सांगतं. जे मला माझ्यातच निर्माण करता येत नाही, ते वर्गभर पोरांत मी काय निर्माण करणार, आणि मोजणार कशाने? म्हणून पेपरात गोष्ट काय, कुणी कुणाला म्हटलं, ल्यूथरला काय म्हणायचं होतं, एवढंच. वर्गात पहिली येणारी मुलगी घरी मुरुगनाची पूजा करायची. तिचा पेपर तपासताना मला कधी अडलं नाही. ल्यूथरने १५४३ मध्ये ज्यूंची सभास्थानं जाळा असं लिहिलं, तेही मी दहावीला शिकवायचे. मुख्याध्यापकांना ते आवडायचं नाही.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोर न पाठवणाऱ्या आईबापांना दंड ठेवला. ती सक्ती शाळेत येण्याची होती, काय मानायचं याची नव्हती. संविधानाचं २८ वं कलमही मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतल्या पोराला पालकांच्या संमतीशिवाय धर्माच्या तासाला बसवू देत नाही.

तेच कलम उपासनेलाही लागू आहे, आणि इथं माझ्याकडं उत्तर नाही. आमच्या परिपाठात रोज प्रार्थना व्हायची, सगळी पोरं उभी राहायची, ती मुरुगनवाली मुलगीसुद्धा. तासासाठी घरून सही आणायला लावायचो. प्रार्थनेसाठी कुणी मागितली नाही. मीही नाही.