मामांचा फॉरवर्ड आणि स्वस्तिकाचा सर्फबोर्ड

मागच्या आठवड्यात मामांनी आमच्या भुसावळच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. जुना लाकडी सर्फबोर्ड, म्हणजे समुद्राच्या लाटांवर उभं राहून सरकायची फळी, शेपटाकडच्या टोकाला स्वस्तिक. खाली मजकूर असा: अमेरिकेच्या पहिल्या सर्फबोर्ड कंपनीने विवेकानंदांच्या प्रेरणेने स्वस्तिक घेतलं, ही फळी मुळात भारतीय, लाकूड आपल्या सातपुड्यातला साग, आणि हिंदू चिन्ह म्हणून पुढे ते बंद पाडलं. सकाळपर्यंत हात जोडल्याच्या इमोजींची रांग लागली. फक्त एका भाच्याने विचारलं, "मामा, हाई खरं शे का?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून मी देतो.

फोटो खरा असावा. असे बोर्ड निघत होते, त्यांचं नावच 'स्वस्तिका' होतं. बनवणारी कंपनी लॉस एंजेलिसची पॅसिफिक सिस्टिम होम्स. मोठ्या प्रमाणावर सर्फबोर्ड बनवून विकणारी पहिली म्हणून तिचंच नाव घेतात. पण तिचा मूळ धंदा घरांचा. सगळं लाकूड मापात कापून गिऱ्हाइकाच्या प्लॉटवर पाठवायचं, तिथे सुताराने जोडायचं. मालकांपैकी एकाचा मुलगा मायर्स बट याला लाटांचा नाद. लाकूड, यंत्रं, कारागीर घरचेच. १९३० च्या दशकात त्याने फळ्यांचा जोडधंदा काढला.

आता साग. मामा, तुम्ही स्वतः दारं-चौकटी करून घेतल्यात, तुम्हीच हिशोब करा. सागाचा एक घनफूट तुकडा साधारण १८ किलो भरतो. बालसाचा चार-पाच किलो. हे बोर्ड मुख्यतः या बालसाचेच, लाकूड इक्वेडोरचं. फक्त बालसा वापरावं तर ते मऊ, मार खातं, पाणी पितं. म्हणून कडांना आणि मधल्या पट्ट्यांना कॅलिफोर्नियाचं रेडवुड चिकटवायचं, वर वॉर्निशचे हात द्यायचे. त्याआधीचे अख्ख्या रेडवुडचे बोर्ड उचलतानाच दम निघायचा. वजन कमी करायला ज्यांची एवढी धडपड, ते साग कशाला घेतील?

'मुळात भारतीय' यावर फार बोलायला नको. हवाईत राजेलोकांसकट सगळे लाटांवर फळ्या चालवत, आणि इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या मोहिमेतल्या जेम्स किंगने १७७९ मध्ये ते लिहून ठेवलंय. आपण तापीत केळीच्या खांबावर पोट टेकून तरंगलो, ते वेगळं.

खरा घोळ स्वस्तिकाचा. शब्द संस्कृत, इंग्रजीत आपल्याकडूनच गेला, एवढं मामांच्या पदरात टाकतो. पण त्या काळी अमेरिकेत ते चिन्ह नशीब फळफळवणारं म्हणून सर्रास चालायचं, आपल्याकडे दुकानाला लिंबू-मिरची बांधतात तसं. १८७० च्या दशकात जर्मन उत्खननकार श्लीमानला प्राचीन ट्रॉय शहराच्या उत्खननात ते सापडलं आणि त्याचं वेड पसरलं. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी नवाहो लोकांच्या विणकामातही तसंच चिन्ह होतं. १९२५ मध्ये कोका-कोलाने स्वस्तिकाच्या आकाराचं पदक काढलं. अमेरिकी सैन्याच्या ४५ व्या डिव्हिजनच्या बाहीवर लाल चौकोनात पिवळं स्वस्तिक होतं, तेही तिथल्या मूळ रहिवाशांच्या सन्मानार्थ. एवढं सगळं असताना फळीवरच्या शुभचिन्हासाठी शिकागोच्या भाषणापर्यंत जायची गरज पडत नाही. लक्ष्मीपूजनाला वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने आपण काढतो त्या स्वस्तिकाशी या ठशाचं नातं नावापुरतं.

आणि बंद का पडलं? नाझींनी ते झेंड्यावर घेतलं म्हणून. १९३८ च्या सुमारास कंपनीने बोर्डाचं नाव बदललं. ४५ व्या डिव्हिजननेही त्याच सुमारास स्वस्तिक काढून थंडरबर्ड हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या दंतकथेतला पक्षी लावला. फेब्रुवारी १९४० मध्ये नवाहो, होपी, अपाची आणि पापागो या चार जमातींच्या प्रतिनिधींनी जाहीरनाम्यावर सही करून आपल्या विणकामातून ते चिन्ह सोडलं. त्यांचा हिंदूंवर राग होता असं कुणी म्हणणार असेल तर म्हणो बापडा.

बोर्ड मात्र त्यानंतरही निघत राहिले. कंपनीने नवं नाव दिलं 'वाइकीकी', हवाईतल्या त्या किनाऱ्याचं.