परसातल्या कोंबड्या आणि मुंबईचा पाऊस : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

घरामागच्या परसात चार कोंबड्या पाळण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. मुंबईसारख्या दाटीवाटीच्या शहरात कोंबड्या म्हणजे दुर्गंधी, उंदीर-घुशी आणि बर्ड फ्लूला आमंत्रण, शिवाय अंडी बाजारापेक्षा महाग पडतात ती वेगळीच, असा आपल्या म्हणण्याचा रोख आहे. अंड्यांच्या हिशेबाबद्दल मी वाद घालणार नाही. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे चौघींना महिन्याला 13-14 किलो लागते, आणि त्यात खुराड्याचा खर्च मिळवला की आतबट्ट्याचाच व्यवहार होतो. पैसे वाचवायचे असतील तर कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी आणावीत.

दुर्गंधीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. कोंबडीच्या विष्ठेत युरिक आम्ल असते; विष्ठा लवकर सुकली तर तिला फारसा वास येत नाही, पण ओल राहिली की जिवाणू त्या आम्लापासून अमोनिया तयार करतात. बोरिवलीत आपल्या इमारतीमागे डोळ्यांना झोंबणारा जो वास आपल्याला येत असे, तो बहुधा हाच. त्यामुळे मुंबईत कोंबड्या पाळणाऱ्याची परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. छप्पर गळत नाही एवढ्यावर समाधान मानणारे बरेच असतात; प्रत्यक्षात पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून जे शिंतोडे आत उडतात, तेच खुराड्यातली तुसाची गादी भिजवतात. म्हणून पत्रा भिंतीच्या बाहेर निदान दोन फूट आणावा, खुराड्याची जमीन वीतभर उंच घ्यावी आणि तिच्यावर भाताच्या तुसाचा चार ते सहा इंचांचा थर द्यावा. हे तूस दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करावे लागते. मूठभर तूस हातात घेऊन दाबावे : मूठ उघडल्यावर ते भुरभुरीत सुटले तर ठीक, लाडवासारखा गोळा राहिला तर ते काढून कोरडे घालण्याची वेळ झाली आहे. ओल्या गादीत वासाबरोबर रक्ती हगवणही बळावते, आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) त्यातच दगावतात. याच कारणासाठी मी पावसाच्या तोंडावर सुरुवात करू नये, पाऊस सरल्यावर करावी, असे लेखात आग्रहाने लिहिले होते.

उंदीर-घुशी कोंबड्यांमागे येत नाहीत, सांडलेल्या दाण्यामागे येतात. पाऊस आणि घुशी एकत्र आल्या की लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) भय असते, हे मुंबईकराला निराळे सांगायला नको. त्यामुळे संध्याकाळी खाद्याचे भांडे उचलणे, पोते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवणे आणि षटकोनी भोकांच्या कोंबडीजाळीऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी तळालाही लावणे या गोष्टी ऐच्छिक नाहीत. ज्याला हे रोज जमणार नाही, त्याच्याविरुद्ध शेजाऱ्यांनी वॉर्ड ऑफिसात तक्रार केली तर मी शेजाऱ्यांच्या बाजूने उभा राहीन.

बर्ड फ्लूचा आपला मुद्दा सर्वांत वजनदार आहे. देशात कोंबड्यांमध्ये हा रोग प्रथम आढळला तो आपल्याच राज्यात, नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. जानेवारी 2021 मध्ये मुंबई-ठाण्यातल्या मृत पक्ष्यांतही त्याचे निदान झाले. कावळे-बगळे खाद्यापाण्यापर्यंत पोहोचू नयेत अशी वरून जाळी घालता येते, पक्षी अचानक मेला तर तो उघड्या हातांनी न हाताळता पशुसंवर्धन खात्याला कळवता येते. तरीही एक किलोमीटरच्या परिघात रोग निघाला, तर आपल्या धडधाकट कोंबड्याही नष्ट केल्या जातात. सरकार नुकसानभरपाई देते, पण नावे ठेवून पाळलेल्या कोंबड्यांची भरपाई ती काय होणार! ज्याच्या घरात लहान मुले त्यांना लळा लावून बसणार आहेत, त्याने याचा विचार आधी करावा. राणीखेत या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगाची गोष्ट निराळी, त्याच्यावर लस आहे. मात्र लशीची कुपी शेकडो पक्ष्यांच्या मात्रेची असते, म्हणून चौघींसाठी ती आणत बसण्यापेक्षा लसीकरण झालेल्या दोन-तीन महिन्यांच्या तलंगा घेणे सोयीचे.

पहाटेच्या आरवण्याचा त्रास आपण लिहिला आहे. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, आणि गावठाणातसुद्धा तो ठेवू नये असे माझे मत आहे.

शेवटी आपण उपरोधाने विचारले आहे की, मग सोसायटीच्या गच्चीवरही खुराडे मांडायचे का. नाही. गच्ची सर्व सभासदांची असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या स्लॅबवर कोंबड्या चोच वासून धापा टाकतात. माझा लेख मनोरी, गोराई, वेसावे अशा भागांतल्या स्वतःचे परस असलेल्या बैठ्या घरांपुरता होता. त्याही घरमालकांनी पहिली तलंग आणण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारावे आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून नियमांबाबत लेखी उत्तर घ्यावे, ही ओळ मी आजच लेखात वर घेतली आहे.