ख्रिस मॅककँडलेस जंगलात मरायला गेला नव्हता

'माणसांचा तिटकारा आला म्हणून ख्रिस मॅककँडलेस या अमेरिकी तरुणाने अलास्काच्या जंगलात जाऊन जीव दिला' असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. एप्रिल १९९२ मध्ये तो गेला, तो काही महिने एकट्याने जगून बघायला. जुलैत सामान आवरून परत निघालाही होता. पण येताना सहज ओलांडलेली टेक्लानिका नदी आता दुथडी भरून वाहत होती. नाइलाजाने तो जंगलात ज्या पडक्या बसमध्ये राहत होता, तिच्याकडे माघारी फिरला. तिथे त्याने चिठ्ठी लावली : मी मरणाच्या दारात आहे, मला वाचवा, ही थट्टा नाही. मरायला निघालेला असं कशाला लिहील? आणि माणसांचा तिटकारा असता तर जवळचे सुमारे २४,००० डॉलर ऑक्सफॅम या गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला का दिले असते? सप्टेंबरमध्ये त्याचा मृतदेह सापडला; मृत्यूचं कारण उपासमार असं नोंदलं गेलं.