काजळ आणि चकती

आमच्या देवगडच्या घरात आबांची एक छऱ्याची बंदूक आहे. बंदूक मधोमध दुमडायची, 4.5 मिलिमीटरचा छर्रा घालायचा, नळी सरळ करायची आणि विहिरीपाशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यावर मारायचा. आवाजानं कलमांवरची माकडं पळावीत, हा हेतू. माकडं पळत नसत. छर्रा डब्याला लागला तर फांदीवरून बघत, नाही लागला तर खाली उतरून जवळून बघत.

गेल्या मे महिन्यात काकांनी बंदुकीचं लोखंड सोडवून कपाटात ठेवलं आणि सागवानी दस्ता तेवढा माझ्या हातात दिला. त्याच्या एका बाजूला पट्ट्याची कडी कधीकाळी उपटून निघाली होती, तिथे चिंचोक्याएवढा खळगा पडला होता.

"तू इंजिनिअर ना? इथे पितळेची लंबगोल चकती बसव. वर आबांचं नाव घाल."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हे काकांना मी गेली 18 वर्षं सांगतोय.

डोंबिवलीच्या गॅलरीत कारखाना उघडला. 2 मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी आणली, 30 बाय 20 चा लंबगोल आखला आणि कानस घेऊन बसलो. पहिल्या दिवशी त्याचा बटाटा झाला, दुसऱ्या दिवशी वापरलेला साबण. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आता आला की लंबगोल." मी तिथेच थांबलो. कडेला किंचित उतारही दिला होता, वरचा घेर मोठा आणि खालचा लहान, बाटलीच्या बुचासारखा. म्हणजे चकती खाली उतरेल तसतशी घट्ट होत जाते. निदान जायला हवी.

आता लाकूड. चकती ठेवून भोवती सुरीच्या टोकानं रेघ मारायची, आतलं लाकूड पटाशीनं काढायचं. हे पाच मिनिटांचं काम वाटतं. साग दिसायला सोज्वळ, पण त्याच्या पोटात वाळूच्या जातीचे बारीक कण असतात आणि ते पटाशीची धार खातात. दहा मिनिटं लाकूड, वीस मिनिटं धारेचा दगड, असा आमचा दिनक्रम झाला. त्यात लाकडाची रेषा उलटी लागली की पटाशी तुमचं न ऐकता परस्पर निघून जाते.

खाच झाली, चकती ठेवली, बसेना. कुठे अडतंय ते दिसेना. विलायती बंदूकवाल्यांची यावर जुनी युक्ती आहे. लंडनची पर्डी ही पेढी 1814 पासून बंदुका करते. असल्या ठिकाणी लोखंडाचा भाग धुरकट दिव्यावर धरतात, काजळी चढली की अक्रोडाच्या दस्त्यात दाबतात आणि उचलतात. लाकडावर जिथे काळा डाग उमटला, तिथे अडतंय. तेवढाच डाग खरवडायचा, पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. तिथे नळी करणारा वेगळा, लाकूड बसवणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा. आमच्या गॅलरीत हे सगळे मीच, आणि केर काढणाराही मीच.

काजळ तर घरात आहेच, म्हणून बायकोची कांडी चकतीच्या कडेला फिरवली. दाबलं, उचललं, लाकूड कोरं करकरीत. मला वाटलं, बसली! मग कांडीवरचं वाचलं. हे काजळ चोवीस तास पसरत नाही. मंगल कार्यात रडायला उत्तम, सुतारकामाला निरुपयोगी.

शेवटी आईनं सूत्रं हाती घेतली. एरंडेलाचं निरांजन लावलं, वर पितळी ताटली उपडी धरली, पाच मिनिटांत मखमलीसारखी काजळी. "तुझ्या बारशाच्या वेळी असंच धरलं होतं," असं म्हणून जरासं बोट माझ्या कानामागे टेकवलं. मी चकती थेट ज्योतीवर धरून वेळ वाचवायला गेलो. चकती खाचेतून उचलता यावी म्हणून तिच्यावर फेविक्विकनं एक उभा स्क्रू चिकटवला होता. (आधी मुलाचं लोहचुंबक लावून पाहिलं होतं. पितळेला चुंबक धरत नाही, हे मुलानंच सांगितलं.) ज्योतीच्या उष्णतेनं फेविक्विक सुटलं आणि चकती निरांजनात. तेव्हापासून काजळीत तेलाचा थेंब घालून ब्रशनं लावायला लागलो.

मग खरा खेळ सुरू झाला. दाब, उचल, डाग बघ, खरवड. पहिल्यांदा सात डाग होते, ते खरवडले तर नऊ झाले. काजळीचा थर पातळ हवा; जाड लावली तर सगळंच काळं दिसतं आणि माणूस अडत नसलेलं लाकूडही काढत सुटतो. मी काढलं. फ्रिजचा दांडा, बेलचं बटण, दुधाची पिशवी, मुलाची मराठीची वही, सगळीकडे डाग उमटले. त्या हिशेबानं घरात मी जिथे जिथे अडतो ते स्पष्ट दिसत होतं.

चौथ्या रविवारी चकती टक्कन बसली. जरा जास्तच बसली. ती अर्धा मिलिमीटर वर राहायला हवी, म्हणजे दस्त्याच्या गोलाईला कानशीनं मिळवून घेता येते. ती आतच गेली. लाकूड घालता येत नाही, फक्त काढता येतं. मेहुण्याची जाडजूड लग्नपत्रिका कापून खाली घातली. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' एवढाच भाग लागला. एका कडेला नखभर फट होती, तिच्यात भुसा आणि फेविकॉल. मग कानस, मग काचपेपर. लांबून, संध्याकाळी, चष्म्याशिवाय पाहिलं तर अप्रतिम.

नाव घालायला चकती काढून भांडीवाल्याकडे नेली. त्यानं मशीन हातात घेऊन विचारलं, "वरची बाजू कुठली?"

"लंबगोल आहे हो, दोन्ही सारख्याच."

घरी येऊन बसवायला गेलो, बसेना. हातानं घासलेला लंबगोल फक्त लांबून लंबगोल असतो. ती चकती त्या खाचेत एकाच बाजूनं बसत होती, आणि त्या बाजूनं आबांचं नाव उलटं येत होतं.

गणपतीला दस्ता घेऊन देवगडला गेलो. काकांनी चष्मा लावला, चकतीच्या कडेनं अंगठ्याचं नख फिरवलं. फटीपाशी नख अडलं, काका काही बोलले नाहीत. लोखंड चढवलं, स्क्रू आवळले. मग ओटीवरच्या दोन खुंट्यांवर बंदूक ठेवली, चाप वर करून, उलटी.

"आता वाचता येतंय," काका म्हणाले आणि आरतीची तयारी करायला आत गेले.