तो अजून खिडकीतच उभा आहे

चित्रपट महोत्सवाच्या पुस्तिकेत ‘देहविक्रय करणाऱ्या तरुणांच्या एकटेपणाचा काव्यात्म शोध’ असं छापलेलं दिसलं, की मी आधी लांबी बघतो. ९० मिनिटांच्या आत असेल तर जावं. १३०च्या पुढे असेल तर जेवून जावं, शाल न्यावी आणि काहीही करून कडेची खुर्ची धरावी. पणजीच्या इफ्फीत असो की पुण्यात, मधल्या खुर्चीवरून उठायचं म्हणजे दहा-बारा जणांचे गुडघे ओलांडणं आलं. त्यात त्या सगळ्यांची खात्री, की हा उघडी अंगं बघून बिचकला! तासाभरात पडद्यावर कुणी सदऱ्याचं बटणही काढलेलं नाही, हे त्यांना कोण सांगणार?

सुरुवात खिडकीने होते. बाहेर पाऊस, आत पाठमोरा तरुण. कॅमेरा तिकाटण्यावर. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरल्या तर चार मिनिटांच्या शॉटच्या ५७६० होतात. त्यातल्या ५७०० चौकटींत तो जसा होता तसाच असतो. उरलेल्या ६०मध्ये, म्हणजे अडीच सेकंदांत, तो मान वळवतो. जाणकार याला ‘स्फोट’ म्हणतात.

मग सिगरेट. ती अख्खी जळेपर्यंत बघायची. मध्ये कात्री लावली तर पुढच्या शॉटात तेवढीच जळलेली सिगरेट हातात द्यावी लागते, रीटेक झाला की पुन्हा तेवढीच. सलग घेतली की ही कटकट मिटते. काव्य मागाहून समीक्षक शोधतात. खोलीतल्या लाल उजेडाचंही तसंच. दिव्यावर जिलेटिनचा कागद चढवला की पोपडे उडालेली भिंत दिसत नाही, रंगाऱ्याचे पैसे वाचतात.

आणि संवाद ऐकू का येत नाहीत? कपड्यात लपवायचा छोटा माइक उघड्या अंगावर लपवणार कुठे? मग काठीवरचा माइक. तो चौकटीत दिसू नये म्हणून लांब धरायचा. पोरगा कुजबुजणार पलंगावर आणि माइक पार दारापाशी. सबटायटल असतं म्हणून निभावतं. त्यातही ‘हं’ एवढंच लिहिलेलं.

माझी तक्रार नग्नतेची नाही, हिशेबाची आहे. हा धंदा आहे ना? मग भाव कधी ठरतो? पैसे आधी की नंतर? खोलीचं भाडं कुणी भरायचं, दलालाचा वाटा किती, गिऱ्हाईक बुडवून गेलं तर काय? इथे टेबलावर नोटा पडतात आणि कॅमेरा पुन्हा पावसाकडे वळतो. अहो, भाजीवालीसुद्धा पाचशेची नोट उजेडात धरून बघते!

१९६९च्या ‘मिडनाइट काउबॉय’ सिनेमाचा नायक जो बक बघा. हॉटेलातली भांडी घासण्याची नोकरी सोडून नवेकोरे बूट घालून टेक्सासहून बसने न्यूयॉर्कला आलेला, इथल्या श्रीमंत बाया आपली वाटच बघतायत अशा खात्रीने. कुत्रं फिरवायला निघालेली एक भेटते. नंतर हा चाचरत पैशाचं काढतो, तर ती भोकाड पसरते आणि शेवटी हाच तिच्या हातावर २० डॉलर ठेवतो. धंद्याची बोहनी ही अशी, स्वतःच्या खिशातून! अमेरिकेत या सिनेमाला फक्त प्रौढांसाठीचं एक्स प्रमाणपत्र मिळालं आणि तरीही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

निश्चलतेलाही माझी ना नाही. दिग्दर्शक गस व्हॅन सँटने १९९१च्या ‘माय ओन प्रायव्हेट आयडाहो’त शय्यादृश्यांत नटांना पुतळ्यासारखं थिजवलं, पण काही क्षणच. त्याच सिनेमात कॅफेत बसलेली पोरं आपापल्या पहिल्या गिऱ्हाइकाबद्दल सांगतात, साधेपणाने, नोकरीतल्या पहिल्या दिवसाबद्दल सांगावं तसं. ते ऐकताना हात चहाकडे जात नाही.

आपल्या खिडकीवाल्याचं मात्र काही कळत नाही. दिवे लागल्यावर प्रश्नोत्तरं होतात. मागच्या रांगेतले काका हमखास विचारतात, “तो मुलगा जगतो कशावर?” दिग्दर्शक मंद हसतात. “ते मी प्रेक्षकांवर सोडलंय.”

खोलीचं भाडंही बहुधा आमच्यावरच.