मिनी ट्रॅक्टरच्या पुढे पाचट कुट्टी : त्या व्हिडिओतल्या दाव्यांना उत्तर

सध्या माळशिरस, पंढरपूर, माढ्याकडच्या ऊसवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ जोरात फिरतोय. थंड देशातला एक छोटा ट्रॅक्टर, त्याच्या पुढे लावलेलं बर्फ उडवणारं यंत्र आणि नळकांड्यातून लांब फेकला जाणारा बर्फ. खालचा मजकूर थोडक्यात असा : 'एवढ्याशा ट्रॅक्टरवर त्यांना जमतं, तर आपल्याला का नाही? मिनी ट्रॅक्टरच्या पुढे असंच यंत्र बसवा, पाचटाची कुट्टी होईल. मागच्या पीटीओवरून शाफ्ट पुढे आणा, फ्रेम बंपरला मारा, एचटी बोल्ट टाका म्हणजे तुटायची कटकट नाही. कुठलाही वेल्डर करून देईल.' (पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर रानात राहणारी वाळकी पानं. कुट्टी म्हणजे त्यांचे बारीक तुकडे, आणि ते करणाऱ्या यंत्रालाही कुट्टीच म्हणतात. पीटीओ म्हणजे इंजिनची शक्ती अवजाराला देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा. एचटी म्हणजे हाय टेन्साईल, जास्त ताकदीचा बोल्ट.)

अवजारं जोडण्याच्या कामात असल्यामुळे हा व्हिडिओ दाखवून 'करून द्या' म्हणणारे माझ्याकडे रोज येतायत. खोडव्याचं, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर पुन्हा घेतलेल्या पिकाचं, पाचट न जाळता रानातच ठेवायचं, ही त्यांची तळमळ खरी आहे. म्हणूनच एकेका दाव्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी त्यातलं खरं काय ते सांगतो. अवजार पुढे असण्याचे फायदे आहेत. काम डोळ्यांसमोर दिसतं, मान वळवावी लागत नाही. मागे जोडलेल्या कुट्टीआधी ट्रॅक्टरची चाकं पाचटावरून जातात, ते सरीत दाबलं जातं आणि दाबलेलं पाचट यंत्र नीट उचलत नाही. ही अडचण ज्यानं मांडली, त्याला शेतातलं कळतं. घोळ त्याच्या पुढच्या वाक्यापासून सुरू होतो.

'बर्फ उडवणारं यंत्र पाचटही उडवेल.' नाही उडवणार. त्या यंत्रात पुढे आडवा स्क्रू असतो, तो बर्फ दोन्ही बाजूंनी मधे ओढतो. मागचा पंखा तो बर्फ नळकांड्यातून बाहेर फेकतो. ही दोन्ही कामं भुसभुशीत, सुट्या मालासाठी आहेत. पाचटाचं पान हातभर लांब, चिवट आणि कडेला करवतीसारखं. ते स्क्रूत आलं की गुंडाळलं जातं. वाळक्या पानांचा असा वेढा शाफ्टवर एकदा आवळला, की तो हातानं सुटत नाही, कोयता घेऊन कापावा लागतो. आत बेअरिंगजवळ गेलेल्या पानांनी सील फाटलेलं असतं ते वेगळंच. पाचटाला कापणारी पाती लागतात आणि ती वेगात फिरावी लागतात. पाचट कुट्टीचा किंवा मल्चरचा रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, मिनिटाला साधारण १,८०० ते २,००० फेरे घेतो. म्हणजे 'असंच यंत्र' हा शब्दच इथे लागू पडत नाही.

'मागच्या पीटीओवरून शाफ्ट पुढे आणा.' व्हिडिओतल्या ट्रॅक्टरला तसं करावंच लागत नाही. तिकडच्या बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरना पोटाखाली, मधोमध दुसरा पीटीओ असतो आणि तो मिनिटाला २,००० फेऱ्यांचा असतो. तिथून एक शाफ्ट सरळ पुढे जातो, यंत्राच्या गिअरबॉक्समध्ये वेग कमी होतो. आपल्याकडच्या बहुतेक मिनी ट्रॅक्टरना पीटीओ फक्त मागे, ५४० फेऱ्यांचा. तो पुढे आणायचा तर आधी चेनकेस (बंद डब्यातली साखळी) किंवा गिअर लावून शक्ती खाली घ्यायची आणि मग ट्रॅक्टरच्या पूर्ण लांबीचा शाफ्ट पोटाखालून न्यायचा. पोट आणि वरंब्यामधली जागा आधीच थोडी. त्यात सरीतलं पाचट त्या शाफ्टला घासतच राहणार. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. तेवढ्या वेगानं पान गुंडाळायला किती वेळ लागतो, हे ज्यानं रोटाव्हेटरवर दोरी अडकलेली पाहिलीय त्याला सांगायला नको.

यात आणखी एक पेच आहे, जो त्या मजकुरात कुठेच नाही. मागचा पीटीओ मागून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो आणि मागे जोडायची सगळी अवजारं त्या हिशोबानं बनलेली असतात. तेच अवजार तोंड फिरवून पुढे जोडलं आणि शाफ्ट चेननं सरळ पुढे आणला, तर अवजाराला तो उलटा फिरताना मिळतो. पात्यांची धार एका बाजूला, फिरणं दुसऱ्या बाजूला. गिअरबॉक्स बदलून हे सुधारता येतं, पण त्यासाठी आधी ते लक्षात यायला हवं. वेल्डिंग झाल्यावर लक्षात आलं तर सगळं उचकटा.

काही जण म्हणतात, मग इंजिनच्या पुढच्या पुलीवरूनच पट्टा घ्या. ती पुली पंखा आणि अल्टरनेटर फिरवण्यापुरती आहे. तिच्यावर १५ एचपीचा पट्टा ताणला, की सगळी ओढ क्रँकच्या पुढच्या बेअरिंगवर आणि ऑईल सीलवर येते. मग इंजिन उघडायचा खर्च अंगावर येतो.

'फ्रेम बंपरला मारा.' इथे मी हात जोडून सांगेन की हे करू नका. मिनी ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डुलतो, जमीन उंचसखल असली तरी चारही चाकं टेकावीत म्हणून. बंपर म्हणजे त्याच्या वरचं एक टोक. व्हिडिओतलं यंत्र तिथे लटकवलेलं नसतं. खाली आख्खी सबफ्रेम असते, ती ट्रॅक्टरच्या मधल्या अंगाला बोल्टनं धरलेली असते आणि यंत्र उचलायला वेगळी सोय असते.

वजनाचा हिशोब कागदावर करून पाहा. यंत्र २५० किलोंचं धरू. त्याचा मध्य पुढच्या ॲक्सलच्या २ फूट म्हणजे ६० सेंटिमीटर पुढे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर दीड मीटर. यंत्र उचललं की पुढच्या ॲक्सलवर २५० नव्हे, ३५० किलो वाढतात आणि मागच्या चाकांवरचे १०० किलो कमी होतात. सगळा ट्रॅक्टरच मुळात ८०० ते १,००० किलोंचा. टू व्हील ड्राइव्हमध्ये ओढणारी चाकं मागची, ब्रेकही मागच्याच चाकांना. ती हलकी झाली की ओल्या सरीत चाक जागेवर फिरणार आणि बांधावरून उतरताना ब्रेक मारला तर घसरणार. थंड देशांत म्हणूनच मागे वजनाची पेटी लावतात आणि मागच्या टायरमध्ये द्रव भरतात. पाणी गोठेल म्हणून काही जण बीटापासून केलेला द्रवही वापरतात. आपल्याकडे साधं पाणी चालतं, पण त्या मजकुरात मागच्या वजनाचा शब्दही नाही.

'थंडीत चालतं ते आपल्याकडे तर अजून मस्त चालेल.' सोलापूरच्या माणसानं तरी हे म्हणू नये. तो ट्रॅक्टर शून्याखालच्या हवेत काम करतोय. तिकडे कडाक्याच्या थंडीत इंजिन तापावं म्हणून काही जण रेडिएटरपुढे मुद्दाम पुठ्ठा लावतात. आपलं पाचटाचं काम उन्हाळ्याच्या तोंडावर चालतं. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीला भिडलेला असतो, पोटरीएवढं पाचट वाळून कुरकुरीत झालेलं असतं. रेडिएटरच्या अगदी पुढे कुट्टी ठेवली, की तिचा सगळा भुसा आणि धूळ पंखा आत ओढणार. जाळी बघता बघता बुजते आणि इंजिन तापतं. तोच भुसा सायलेन्सरवर आणि मॅनिफोल्डभोवती साठतो. वाळक्या पाचटात ठिणगीचं काय होतं, हे उसाचा फड पेटताना पाहिलेल्यांना माहीत आहे. इथे तर ट्रॅक्टरवर माणूस बसलेला असेल.

'एचटी बोल्ट टाका.' हा सल्ला सगळ्यात घातक. शाफ्टला यंत्राशी जोडणारा शिअर बोल्ट तुटण्यासाठीच दिलेला असतो. यंत्रात दगड किंवा बुडखा अडकला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. बोल्टच्या डोक्यावरचे आकडे पाहा. ४.६ लिहिलेल्या बोल्टपेक्षा ८.८ चा बोल्ट दुप्पट ताण सहन करतो, १०.९ चा अडीचपट. बोल्ट तुटला नाही की तो धक्का पुढच्या कमकुवत जागी जातो : गिअरचे दात, शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस, नाहीतर ट्रॅक्टरची पीटीओ असेंब्ली. कंपनीनं ज्या ग्रेडचा बोल्ट दिला त्याच ग्रेडचा घ्या आणि पाच-सहा टूलबॉक्समध्ये ठेवा. तो वारंवार तुटत असेल तर यंत्र जास्त खोल लागतंय, नाहीतर ट्रॅक्टर जोरात पळतोय.

व्हिडिओत कुणीतरी अडकलेला बर्फ हातानं काढतानाही दिसतो, त्यावर कुणी काही बोललेलं नाही. बर्फाच्या यंत्रात बोटं जाण्याचे अपघात तिकडे दर हिवाळ्यात होतात. कुट्टीची पाती त्याहून वाईट. पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, रोटर पूर्ण थांबलेला, मगच काठीनं किंवा आकड्यानं काढा. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं असेल तर आधी ते बदला. धोतर, उपरण्याचं टोक, साडीचा पदर, काहीही त्या शाफ्टला पुरतं.

मग मिनी ट्रॅक्टरवाल्यानं करायचं काय? २० एचपीचं इंजिन असेल तर पीटीओवर १७ च्या आसपास मिळतात. तेवढ्यावर चालेल अशी, कमी रुंदीची, मागे जोडायची कुट्टी घ्या. विकणाऱ्याला तिला पीटीओवर किती एचपी लागते आणि तिचं वजन किती, हे विचारा आणि ते वजन आपल्या ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकच्या क्षमतेशी ताडून पाहा. चाकाखाली पाचट दाबलं जाण्याची अडचण असेल, तर चाकाच्या पट्ट्यातलं पाचट आधी दाताळ्यानं शेजारच्या सरीत ओढून घ्या. क्षेत्र मोठं असेल तर ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरची कुट्टी भाड्यानं लावणं स्वस्त पडतं. कुट्टी नाहीच मिळाली तरी एक सरी मोकळी ठेवून पाचट एकाआड एक सरीत दाबता येतं. हेक्टरी ८ ते १० टन पाचटावर ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका, आणि पाण्याच्या पाळीनं ते ओलं राहील एवढं बघा.