‘कॉप’, कच्ची शेवंड आणि आपले ‘मामा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पोलिसांना लोक कायकाय नावं ठेवतात आणि ती कुठून आली, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन. पोलिसाला इंग्रजीत म्हणतात तो ‘कॉप’ म्हणजे ‘कॉन्स्टेबल ऑन पॅट्रोल’ (गस्तीवरचा शिपाई) हे जगजाहीर असताना मी त्याचा उल्लेखही केला नाही. ‘पिग’ म्हणजे डुक्कर ही १९६० च्या दशकातल्या अमेरिकन आंदोलकांची शिवी, ती मी जुन्या लंडनच्या माथी मारली. आणि सगळ्यांत मोठा आक्षेप असा की उन्हातान्हात बंदोबस्ताला उभं राहणाऱ्या माणसांची टिंगल करणारे शब्द मी हौसेनं गोळा केले; निदान ‘मामा’ला तरी त्यात ओढायला नको होतं. आपले वडील खात्यातून निवृत्त झालेत, म्हणून हे जास्त लागलं, असंही आपण लिहिलंत. अशा पत्राची दोन ओळींत बोळवण करणं मला बरं वाटेना.

आधी ‘कॉप’. पकडणं, झडप घालून धरणं या अर्थाचं ‘कॉप’ हे क्रियापद उत्तर इंग्लंडच्या बोलीत अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतं. पकडणारा तो ‘कॉपर’. पोलीस या अर्थानं हा ‘कॉपर’ १८४०च्या दशकात दिसू लागतो आणि त्याची शेपटी छाटून ‘कॉप’ उरतो तो त्याच्याही नंतर. क्रम बघा : लांब शब्द आधी, आखूड मागून. आद्याक्षरांची गोष्ट खरी असती तर ‘कॉप’ आधी सापडायला हवा होता. शिवाय आद्याक्षरं जुळवून बोलता येईल असा शब्द घडवायची सवय इंग्रजीला खऱ्या अर्थानं लागली ती विसाव्या शतकात, महायुद्धांच्या धामधुमीत. तांब्याच्या बटणांमुळे ‘कॉपर’ म्हणतात, ही गोष्टही मी घेतली नाही. ‘धरणारा’ हा सरळ अर्थ समोर असताना बटणं कशाला शोधायची?

फ्रेंचांकडेही हाच प्रकार आहे. तिथे पोलिसाला ‘फ्लिक’ म्हणतात आणि त्याचीही आद्याक्षरं फोडून ‘शिरस्त्राणधारी मूर्खांचा कायदेशीर संघ’ असा विस्तार रंगवून सांगितला जातो. प्रत्यक्षात हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या चोरांच्या बोलीतून आलेला आहे. मागाहून रचलेल्या गोष्टी नेहमी खऱ्यापेक्षा जास्त नेटक्या असतात, म्हणून त्या भराभर पसरतात. मला त्यांचा राग येतो, कारण त्या ज्यांनी शब्द घडवला त्या माणसांनाच पुसून टाकतात.

‘पिग’बद्दल वाद घालण्याचं कारणच नाही. १८११ साली लंडनमध्ये छापलेल्या चोरबोलीच्या कोशात ‘पिग’चा अर्थ पोलीस अधिकारी असा दिलेला आहे, आणि लंडनमधल्या बो स्ट्रीटच्या अंमलदारांचं, म्हणजे गणवेशधारी दलाच्या आधीच्या पोलिसांचं, उदाहरण शेजारीच आहे. अमेरिकेतल्या पोरांनी तो शब्द पुन्हा पेटवला हे खरं. पण तेव्हा त्याचं वय दीडशे वर्षांचं होतं. लंडनचं गणवेशधारी पोलीस दल १८२९ चं. म्हणजे शिवी दलाच्याही आधीची आहे.

त्या दलाबद्दल थोडं सांगतो, कारण आपला तिसरा आक्षेप तिथेच येऊन मिळतो. रॉबर्ट पील हे तेव्हा गृहमंत्री होते. त्यांच्या नावावरून ‘बॉबी’ आणि ‘पीलर’ हे दोन्ही शब्द पडले. लंडनच्या लोकांना रस्त्यावर उभं लष्कर नको होतं, म्हणून पोलिसांना सैनिकांचा लाल रंग न देता मुद्दाम निळा डगला आणि उंच हॅट दिली. लाल डगल्यातल्या सैनिकाला लोक आधीपासून ‘लॉब्स्टर’ म्हणत. मग हा निळा कोण? तर ‘रॉ लॉब्स्टर’, कच्ची शेवंड! कोकणातल्या वाचकाला हे समजवायला नको, पण तिकडच्या समुद्रातली शेवंड पाण्यात निळसर काळी असते आणि उकळत्या पाण्यात टाकली की लालबुंद होते. त्या टोमण्यातला इशारा आता वाचा : आज निळा दिसतोय खरा, पण चूल पेटली की हा लालच होणार. सरकारनं कपड्याचा रंग बदलून जे सांगायचा प्रयत्न केला, ते लोकांनी मानलं नाही. एखाद्या अहवालात पानंच्या पानं खर्चून येणार नाही एवढं त्या दोन शब्दांत आलंय. म्हणून मी असे शब्द जपून ठेवतो.

आणि लोकांची शंका हवेतली नव्हती. पील त्याआधी आयर्लंडचा कारभार बघत होते, तिथे १८१४ साली त्यांनी एक दल उभं केलं होतं आणि ‘पीलर’ हा शब्द आधी तिथलाच. पुढे आयर्लंडमध्ये जी सशस्त्र, बराकीत राहणारी पोलीस व्यवस्था घडली, तिच्या धर्तीवर ब्रिटिश सेनानी चार्ल्स नेपियरनं १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तिथले पोलीस उभे केले. सिंध लवकरच मुंबई इलाख्याला जोडला गेला. लंडनच्या निळ्या, बिनहत्यारी शिपायापेक्षा आयर्लंडचा बंदूकधारी शिपाईच आपल्याकडच्या पोलिसांचा जवळचा पूर्वज आहे. आपल्याकडे गावातला माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढायला आजही कचरतो, त्यामागे हा इतिहासही आहे. त्याचा दोष आपल्या वडिलांच्या पिढीतल्या शिपायाकडे जात नाही. ती चौकट त्यांना आयती मिळाली.

आता अपमानाबद्दल. अपमान करणारे शब्द आहेत, मी नाकारत नाही. दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी २०१५ मध्ये एका मुलाखतीत पोलिसाला ‘ठुल्ला’ म्हटलं, तेव्हा एका शिपायानं मानहानीचा दावा केला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि या शब्दाचा अर्थ काय, असं न्यायालयालाच विचारावं लागलं. त्या शिपायाला राग आला तो रास्तच. पाठीमागे काढलेला ‘पांडू’ही तसाच टोचतो. बॉबी हे मंत्र्याच्या नावावरून आलं. पांडू हे घरोघरच्या पांडुरंगाचं नाव, सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला चिकटवलेलं. वरच्या साहेबाला कुणी पांडू म्हणत नाही. मी हे नोंदवतो तेव्हा टिंगल करणाऱ्यांच्या रांगेत उभा राहत नाही.

पण ‘मामा’ला या पंगतीत बसवू नका. ‘एखाद्याला मामा बनवणे’ या वाक्प्रचारातून तो आला असावा, असं आपण लिहिलंत. मला ते पटत नाही. शब्द तोंडावर म्हणतात की पाठीमागे, हे मी आधी बघतो. सिग्नल तोडलेला पोरगा गाडी बाजूला घेऊन, हात जोडून म्हणतो, “मामा, सोडा ना, कॉलेजला उशीर होतोय, पुन्हा नाही करणार.” अहोजाहो आहे, आर्जव आहे. ज्याला मूर्ख समजतो त्याच्याशी माणूस असं बोलत नाही. दुसरं म्हणजे, हाच मामा शाळेत घंटा देणारा शिपाईमामा आहे आणि एसटीचा ड्रायव्हरमामाही आहे. खाकी घातलेल्या, हाताशी असलेल्या, वयानं वडीलधाऱ्या माणसाला महाराष्ट्रात आपण हे नातं लावतो. पोलीसही शिपाईच. मामाकडे हट्ट करता येतो, बापाकडे नाही. पोराला त्या सिग्नलवर नेमकं तेच नातं हवं असतं. कुणी उपहासानं ‘मामा’ म्हणत असेलही, पण त्या एकट्याच्या सुरावरून शब्दाची जात ठरवू नये. माझ्या लेखात ‘मामा’ राहील, आणि त्याचा मान ठेवूनच राहील.

एक विनंती. लोकांनी पोलिसांना दिलेले शब्द माझ्याकडे पुष्कळ जमलेत, पोलिसांचे आपसातले शब्द मात्र फार थोडे : बक्कल नंबर (शिपायाचा क्रमांक), राईटर (ठाण्यातला लेखनिक), झिरो पोलीस (पोलिसांची कामं करणारा खासगी माणूस), खबरी, एवढेच. वडिलांना विचाराल का? ठाण्यात ते एकमेकांना काय म्हणत, साहेबांना मागून काय म्हणत, रात्रपाळीला, लांबलेल्या बंदोबस्ताला, रद्द झालेल्या रजेला काय नाव होतं? कोणत्या जिल्ह्यात आणि साधारण कोणत्या सालात ऐकलं, तेही लिहा. त्यांची हरकत नसेल तर पुढचा लेख त्याच शब्दांवर लिहीन.